मागून येणाऱ्याची वेळ

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत भल्या पहाटे हमरस्त्याच्या कडेने कोणी धावताना दिसले, तर तो पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा तरुण असणार असे धरून चालण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत होती, आणि ती फारशी चुकतही नव्हती. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात, त्यांतले २० गुण मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला मिळतात, आणि उरलेले १०० मीटर धावणे व गोळाफेक यांत वाटलेले असतात. राज्य राखीव पोलीस दलात जाऊ पाहणाऱ्याला तर ५ किलोमीटर धावून दाखवावे लागते, आणि या दलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील मुलांना हे अंतर नीट ठाऊक असते. या धावण्याला एक ठरलेले टोक आहे. नोकरी लागली की ते संपते, भरतीचे वय उलटले तरीही संपते, आणि ते चालू असते तोवर प्रत्येक जण घड्याळाशी एकटाच झगडत असतो. त्यामुळे चाळिशीतला दुकानदार किंवा प्राध्यापक आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन, दोघांच्याही छातीवर क्रमांक लावून, शहराच्या मुख्य रस्त्यावरून सर्वांदेखत धावतो, हे दृश्य खान्देशाला नवे आहे. ते इथे कसे आले, त्यात मुलाच्या शरीराचे काय होते आणि अशा जोडीची वेळ नेमकी कोणाची धरायची, या तीन प्रश्नांपैकी शेवटचा वरवर किरकोळ वाटतो, परंतु उरलेल्या दोहोंची उत्तरे त्याच्यातच अडकलेली आहेत.

कुटुंबाने मिळून पायी लांब जाणे मात्र या मुलखाला मुळीच नवे नाही. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईंची पालखी सुमारे महिनाभर चालून आषाढीला पंढरपूर गाठते आणि राज्यातील सर्वांत लांबच्या पालख्यांमध्ये तिची गणना होते. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेसाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून वणीच्या गडाकडे पायी निघणाऱ्यांचे जथे तर ऐन उन्हात चालतात, आणि त्यांत कडेवरच्या लेकरापासून आजीपर्यंत सगळे असतात. या चालण्यात मागे राहिलेल्यासाठी थांबणे हा धर्मच असतो, आणि कोण आधी पोचले याची नोंद कुठेच होत नाही. शहरातील रस्त्यावरच्या शर्यतीने भरतीकडून घड्याळ घेतले आणि यात्रेकडून कुटुंब घेतले, असे म्हटले तर ते इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही, पण शर्यतीच्या दिवशी जे दिसते त्याचे वर्णन म्हणून ते फारसे चुकीचे ठरू नये. यातून निर्माण होणारी अडचणही उघड आहे, कारण घड्याळ कोणासाठी थांबत नाही आणि बापाला मात्र थांबावे लागते.

जळगावात या प्रकाराला स्थिर रूप आले ते हौशी धावपटूंच्या गटांमुळे. जळगाव रनर्स ग्रुपतर्फे भरणाऱ्या ‘खान्देश रन’मध्ये ३ किलोमीटरपासून अर्धमॅरेथॉनपर्यंतची अंतरे असतात आणि सागर पार्कचे मैदान हे या उपक्रमाचे ओळखीचे ठिकाण झाले आहे, तर धुळ्यातही जिल्हा पोलीस दलाच्या पुढाकाराने मॅरेथॉन भरलेली आहे. येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. मॅरेथॉन म्हणजे काटेकोरपणे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत आणि अर्धमॅरेथॉन म्हणजे तिच्या निम्मे, साधारण २१.१ किलोमीटर, परंतु बोलण्यात मात्र ३ किलोमीटरच्या फेरीलाही ‘मॅरेथॉन’च म्हटले जाते आणि शाळेतील मुले सोमवारी वर्गात ‘मॅरेथॉन मारली’ असेच सांगतात. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकते, तथापि त्या वयाच्या मुलाला ३ किलोमीटर हे अंतर प्रौढाच्या अर्धमॅरेथॉनइतके नसले तरी प्रौढाच्या ३ किलोमीटरहून बरेच मोठे असते, आणि ते कसे हे पुढे येईलच. आयोजक या छोट्या अंतराला बहुधा ‘फन रन’ किंवा ‘फॅमिली रन’ म्हणतात, त्यात वेळ नोंदवत नाहीत, आणि कार्यक्रमाच्या आखणीत त्याला सर्वांत शेवटी जागा देतात. गर्दी मात्र याच अंतराला होते. टी-शर्ट याच अंतरासाठी सर्वाधिक लागतात, आणि प्रायोजकाला हवे असलेले छायाचित्र याच प्रारंभरेषेवर मिळते. शर्यतीचा खर्च ज्या गर्दीवर निभावतो तिला शर्यतीच्या नोंदवहीत स्थान नसावे, हा या व्यवस्थेतला विरोधाभास आहे.

खान्देशात शर्यतीचा हंगाम हवामानच ठरवते. मार्चअखेरीस पारा चाळिशी गाठतो, मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचे आकडे राज्यभर बातमी होतात, आणि पावसाळ्यात शेताची कामे व रस्त्यांची अवस्था या दोन्ही गोष्टी आड येतात. उरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ, ज्यात धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी पहाटेचे तापमान अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरते. डिसेंबरात येथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, त्यामुळे सहाला सुटणारी लांब पल्ल्याची शर्यत अंधारातच सुरू होते आणि मुलांची फेरी उजाडल्यावर सोडली जाते. याच दिवसांत कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या असतात आणि मळ्यामळ्यांतून भरताच्या पार्ट्या रंगलेल्या असतात. सकाळी ३ किलोमीटर धावून दुपारी तेलाचा तवंग असलेल्या वांग्याच्या भरतावर कळण्याच्या भाकरीसह ताव मारणारे कुटुंब आहारशास्त्राच्या दृष्टीने फारसे काही मिळवत नसेल, परंतु त्याबद्दल तक्रार करणारा कोणी जळगावात भेटणे अवघड आहे. शर्यतीच्या शेवटी हातात पडणारे केळे मात्र शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात, म्हणजे धावण्यात खर्च झालेली साखर लवकर भरून काढणारे अन्न मिळते, आणि ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या भूप्रदेशाशी बांधलेल्या मालाला कायद्याने नावाचे संरक्षण मिळाले, तेथे त्यासाठी दुसरे काही शोधावे लागत नाही.

रस्त्याचा विचार केल्याशिवाय या शर्यतीचे महत्त्व कळणार नाही. जळगाव शहराच्या मधून पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आताचा ५३, जातो, आणि त्यावरील अपघातांमुळे महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी समांतर रस्ते व्हावेत यासाठी नागरिकांना दीर्घ आंदोलन करावे लागले. ज्या शहरात मुलाला सायकलवर शाळेत पाठवताना आईबाप दहादा विचार करतात, तेथे एका रविवारी सकाळी दोनतीन तासांसाठी वाहने थांबवून रस्ता पायी माणसाच्या, त्यातही लहान मुलाच्या, ताब्यात दिला जातो, ही घटना क्रीडेच्या पलीकडची आहे. एरवी सुरक्षित धावण्यासाठी मेहरूण तलावाचा परिसर किंवा एखादे मैदान एवढीच सोय असते, आणि तलावाभोवती फेऱ्या मारणे व ओळखीच्या चौकातून, आपल्या नेहमीच्या दुकानासमोरून धावणे यांत मुलाच्या दृष्टीने मोठा फरक असतो. धुळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर कॅप्टन ब्रिग्ज याच्या काळात या शहराची नव्याने आखणी झाली, म्हणून जुन्या शहराचे रस्ते सरळ आणि गल्ल्या चक्क क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या आहेत. शिवाय पांझरेच्या काठाने धावण्याजोगी जागा मिळते. सरळ रस्ता मोजायला सोपा असतो. अधिकृत शर्यतीचा मार्ग गाडीच्या काट्यावर मोजत नाहीत. चाकाच्या फेऱ्या मोजणारे यंत्र बसवलेल्या आणि आधी ठरावीक अंतरावर चालवून जुळवून घेतलेल्या सायकलने तो मोजतात, वळणांवर धावपटू घेऊ शकेल असा जवळात जवळचा रस्ता धरतात, आणि अंतर कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. लहान मुलांच्या फेरीसाठी इतका खटाटोप सहसा होत नाही, आणि ३ किलोमीटर म्हणून जाहीर झालेले अंतर कधी अडीच, कधी साडेतीन भरते. प्रौढाला त्याचे काही वाटत नाही. ‘आता शेवटचे वळण’ असे वडिलांनी सांगितल्यानंतर आणखी एक वळण निघाले, तर आठ वर्षांच्या मुलाचा वडिलांवरचा आणि अंतरावरचा असा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मुलाचे धावणे जवळून पाहण्यासारखे असते. छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, ज्याला सगळे ‘बिब’ म्हणतात, प्रौढाच्या मापाचा असतो, त्यामुळे लहान मुलाच्या अंगावर तो गळ्यापासून कमरेपर्यंत पोचतो आणि त्याची खालची दोन टोके धावताना मांडीवर आपटू नयेत म्हणून आई खालच्या दोन टाचण्या थोड्या वर घेऊन कागद दुमडून लावते. बिबच्या मागच्या बाजूला आपत्कालीन संपर्काचा दूरध्वनी लिहायची जागा असते. ती बहुतेक जण कोरी ठेवतात, आणि मूल बरोबर असताना तरी ती कोरी ठेवू नये. शर्यतीआधी मंचावरच्या झुंबाच्या तालावर सगळे हातपाय हलवत असतात, तेव्हाच मुलाची अर्धी शक्ती खर्च झालेली असते. फ्लॅग ऑफ झाला की मूल सुसाट सुटते, पहिले दोनतीनशे मीटर ते खरोखरच वडिलांच्या पुढे असते, आणि मग एकाएकी थांबून बरगडीखाली हात धरते. कळ ओसरली की पुन्हा सुसाट. प्रौढ माणूस समान वेगाने धावतो, मूल मात्र धावणे, चालणे आणि रस्त्याकडेचा ढोल बघत उभे राहणे या तिन्ही गोष्टी आलटून पालटून करते, आणि यात त्याचे काही चुकत नसते.

याची कारणे शरीरात आहेत. मुलाचे पाऊल आखूड असते. वडिलांचे पाऊल एक मीटरचे आणि मुलाचे पाऊण मीटरचे धरले, तर ३ किलोमीटरमध्ये वडील ३००० पावले टाकतात तेव्हा मुलाला ४००० टाकावी लागतात. त्याच वेगाने धावताना मुलाला शरीराच्या दर किलो वजनामागे प्राणवायूही प्रौढापेक्षा जास्त लागतो, म्हणजे शेजारी शेजारी धावणाऱ्या दोघांपैकी धाकटा सतत जास्त मेहनत करत असतो, जरी त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत नसले तरी. उलट थोडी विश्रांती मिळताच मूल प्रौढापेक्षा लवकर ताजेतवाने होते, म्हणूनच त्याचे थांबत थांबत धावणे शरीराला सोयीचे असते. उष्णतेचा हिशोबही निराळा आहे. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते आणि घाम कमी येतो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे प्रारंभरेषेवर अर्धा तास ताटकळत ठेवले तर ते वडिलांच्या आधी काकडते, आणि ऊन चढल्यावर वडिलांच्या आधी तापते. म्हणून मुलांची फेरी सर्व लांब शर्यती संपल्यावर नऊच्या उन्हात सोडणे आणि मान्यवरांची भाषणे संपेपर्यंत त्यांना थंडीत रांगेत उभे करणे, या दोन्ही गोष्टी सोयीच्या असल्या तरी सारख्याच चुकीच्या आहेत. तिसरी बाब हाडांची. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो, त्याला वाढपट्टी म्हणता येईल. हाड तेथूनच लांबते आणि तीच जागा ताणाला सर्वांत हळवी असते. आठ ते चौदा या वयातील धावणाऱ्या मुलांची टाच दुखते त्याला सेव्हर्सचा आजार, आणि गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूस येणाऱ्या दुखऱ्या उंचवट्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. दोन्ही बहुधा विश्रांतीने बरे होतात, परंतु ती विश्रांती द्यायची असते पालकाने, आणि पुढच्या रविवारची फी भरून बसलेला पालक ती सहजी देत नाही.

या बाबतीत शालेय क्रीडाव्यवस्था अधिक सावध आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालील गटात धावण्याची सर्वांत लांब शर्यत ६०० मीटरची असते, तर खुल्या रस्त्यावरील शर्यतीत त्याहून लहान मुले ५ किलोमीटरला नाव देतात आणि त्यांना अडवणारे कोणी नसते. अर्थात ६०० मीटर जीव तोडून धावणे आणि ५ किलोमीटर गप्पा मारत, थांबत जाणे यांची तुलना सरळ अंतरावर करता येत नाही. धोका अंतरात थोडा आणि वेगाच्या हट्टात पुष्कळ असतो. पूर्ण मॅरेथॉनसाठी मुंबईसह लंडन, न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथे किमान वय १८ आहे. भारतात या प्रश्नाची चर्चा पेटली ती २००६ मध्ये, जेव्हा ओडिशातील बुधिया सिंग हा अवघ्या चार वर्षांचा मुलगा पुरीहून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर अंतर ७ तास २ मिनिटांत धावला आणि त्यानंतर राज्य शासनाने त्याच्या अशा धावण्याला मनाई केली. त्याचा प्रशिक्षक त्याच्या बापाच्या जागी होता आणि आपण मुलाचे भले करत आहोत अशी त्याची खात्री होती, म्हणूनच ते उदाहरण पालकांनी विसरू नये. खान्देशातील पालकांचा हट्ट इतक्या टोकाला जात नाही. त्यांची चौकशी बहुधा एवढीच असते की, या पदकाचे दहावीला गुण मिळतात का. मिळत नाहीत. क्रीडा सवलतीचे गुण शासनमान्य स्पर्धांसाठी आहेत, आणि रविवारच्या फेरीत प्रत्येकाला मिळणारे पदक त्यांत बसत नाही, ही गोष्ट मुलाच्या दृष्टीने भाग्याचीच म्हणायला हवी.

शर्यतीच्या भाषेत ठरावीक वेगाने धावून इतरांना तो वेग धरून ठेवायला मदत करणाऱ्याला पेसर म्हणतात. त्याच्या पाठीवर झेंडी असते, तिच्यावर तो किती वेळात पोचणार ते लिहिलेले असते, आणि त्याचे कौशल्य दोन्ही अंगांनी, म्हणजे लवकर न पोचण्यातही, असते. मुलाबरोबर धावणारा पालक पेसरच असतो, फक्त त्याच्या झेंडीवरचा आकडा मुलाने लिहायचा असतो. सहा मिनिटांत एक किलोमीटर जाणाऱ्या वडिलांना ३ किलोमीटर १८ मिनिटांचे काम असते. चालत-धावत आठ मिनिटांत किलोमीटर जाणाऱ्या मुलीबरोबर त्यांना २४ मिनिटे लागतात. ही सहा मिनिटे धावण्याची सवय असलेल्या माणसाला फार जड जातात. तो दहा पावले पुढे जातो, मागे वळतो, हातवारे करतो, ‘चल चल’ म्हणतो, आणि मुलगी तेवढ्यात पाण्याच्या टेबलाशी थांबून एका घोटासाठी आख्खा पेला घेते. आया या कामी बापांपेक्षा सरस ठरतात असे आयोजक सांगतात, आणि त्याचे एक कारण स्वभावात नसून परिस्थितीत आहे. खान्देशातील चाळिशीच्या बहुतेक बायकांच्या मागे भरतीची तयारी किंवा कॉलेजचे मैदान नसते, त्या अनेकदा मुलीबरोबरच पहिल्यांदा धावायला शिकलेल्या असतात, त्यामुळे दोघींचा वेग मुळातच जवळजवळ असतो आणि थांबण्यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

मराठी कुटुंबांतील आई आणि मुलाच्या एकत्र धावण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईकडे अनवाणी धावत येत असता, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या आई उषा सोमण महाराष्ट्रातील हमरस्त्यावर साडी नेसून, अनवाणीच, त्यांच्याबरोबर काही अंतर धावल्या, आणि त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तेथे वेग आईचा होता आणि आयर्नमॅनसारखी, म्हणजे पोहणे, सायकल आणि पूर्ण मॅरेथॉन एका दिवसात सलग करायची, स्पर्धा पार केलेला मुलगा तो सांभाळत होता. प्रत्येक धावणाऱ्या जोडीत एक वय असे येते की दोघांचे वेग एकमेकांना छेदून जातात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मूल पुढे निघते, आणि मग थांबणारा आणि ज्याच्यासाठी थांबायचे तो, यांची अदलाबदल होते.

नोंदवहीला मात्र हे एकत्र धावणे कधीच नीट लिहिता आलेले नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत मांडीचा स्नायू फाटलेल्या डेरेक रेडमंडला त्याचे वडील जिम प्रेक्षकांतून धावत येऊन खांद्याला धरून अंतिम रेषेपर्यंत घेऊन गेले. जगाने टाळ्या वाजवल्या, आणि अधिकृत निकालात मात्र त्याने शर्यत पूर्ण केली नाही अशीच नोंद झाली, कारण बाहेरच्याची मदत घेतलेले धावणे नियमात बसत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या अॅना आणि लिसा हानर या जुळ्या बहिणींनी मॅरेथॉन हातात हात घालून संपवली, त्या ८१ व्या आणि ८२ व्या आल्या, आणि त्यांच्या देशाच्या अॅथलेटिक्स महासंघाकडून त्यांच्यावर टीका झाली की ही ऑलिंपिक शर्यत आहे, गमतीचे धावणे नव्हे. या दोन्ही ठिकाणी नियमांची बाजू खोटी म्हणता येणार नाही, कारण शर्यत ही एकेकट्याची असते हे तिचे मूळ गृहीतक आहे. मजा अशी की, हात धरून एकाच क्षणी रेषा ओलांडलेल्या दोघांनाही बिबमागच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीमुळे, म्हणजे टायमिंग चिपमुळे, दोन वेगळ्या वेळा आणि दोन वेगळे क्रमांक मिळतातच. आयोजक काहीही म्हणोत, यंत्राला जोडी ओळखता येत नाही.

या बाबतीत सर्वांत विलक्षण प्रकरण अमेरिकेतील डिक आणि रिक हॉइट यांचे आहे. जन्माच्या वेळी मेंदूला झालेल्या इजेमुळे रिकचा हातापायांवर ताबा नव्हता. १९७७ मध्ये वडिलांनी त्याची चाकांची खुर्ची ढकलत पाच मैलांची एक मदतनिधी शर्यत पूर्ण केली, आणि पुढील चार दशकांत ही जोडी अकराशेहून अधिक स्पर्धांत उतरली. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अधिकृत प्रवेश मागितला तेव्हा मात्र त्यांना पात्रतेची वेळ मुलाच्या वयोगटाची गाठायला सांगण्यात आले, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बापाने खुर्ची ढकलत विशीतल्या धावपटूचा वेग दाखवायचा होता. आणि त्याने तो एका मॅरेथॉनमध्ये २ तास ४५ मिनिटांच्या आसपास वेळ देऊन दाखवला. डिक २०२१ मध्ये आणि रिक २०२३ मध्ये वारला. दुसऱ्या टोकाला आयर्लंडचे टॉमी आणि ऑयन ह्यूज हे बापलेक आहेत. २०१९ च्या फ्रँकफर्ट मॅरेथॉनमध्ये ५९ वर्षांच्या वडिलांनी २ तास २७ मिनिटे ५२ सेकंद आणि मुलाने २ तास ३१ मिनिटे ३० सेकंद अशी वेळ दिली, आणि दोन्हींची बेरीज, ४ तास ५९ मिनिटे २२ सेकंद, हा बापलेकांचा जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. वडील मुलाच्या साडेतीन मिनिटे आधी पोचले होते. बेरजेच्या विक्रमाला शेजारी शेजारी धावण्याची गरजच नसते, आणि खान्देशातील एखाद्या आयोजकाने ‘बापलेक गट’ काढून बेरजेवर बक्षीस ठेवले, तर पहिल्याच वर्षी मुलाला मागे टाकून पळणारे बाप आणि हाताला धरून ओढली जाणारी मुले, असे दोन्ही प्रकार पाहायला मिळतील.

याला पर्याय आहे आणि तो नवा नाही. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेल्या ‘ट्रेलवॉकर’ या १०० किलोमीटर चालण्याच्या उपक्रमात चौघांचा संघ असतो, त्यांनी ४८ तासांच्या आत आणि एकत्रच शेवट गाठायचा असतो, त्यामुळे संघाची वेळ ही आपोआप सर्वांत मागच्याची वेळ होते. उषा सोमण यांनीही हे १०० किलोमीटर पार केलेले आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या ३ किलोमीटरच्या फेरीत हाच नियम आणायला विशेष खर्च नाही: दोघांना एकच क्रमांक द्यावा, चिप असेल तर दोघांच्या बिबवर असावी, आणि जोडीची वेळ म्हणून मागून रेषा ओलांडणाऱ्याची वेळ धरावी. मग पुढे पळण्याला काही अर्थ उरत नाही, आणि मुलाला ओढून नेणाऱ्याला आवर घालण्यासाठी मुलाच्या वयानुसार किमान वेळ ठरवून त्याआधी पोचणाऱ्या जोडीला बक्षिसातून वगळता येते. अडचण एवढीच उरते की, गणपतीत वाढलेले पोट दिवाळीलाही न उतरलेल्या कित्येक वडिलांच्या बाबतीत मागून येणारा तो मुलगा नसेल, आणि किमान वेळ मुलाच्या वयावर ठरवायची की वडिलांच्या, हे आयोजकांना आधीच ठरवावे लागेल.